ताडपत्री, भटकंतीची : धुणे व निगा

उघड्यावरच्या मुक्कामात पाऊस, ऊन आणि दव अडवण्यासाठी दोऱ्यांनी ताणून बांधायचे जलरोधक कापड. नावातला ताड आजच्या ताडपत्रीत कुठेच नसतो. बाजारात मिळणारी निळी-पिवळी ताडपत्री पॉलिथिनच्या पट्ट्या विणून त्यावर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवून करतात. १५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम) ३ बाय ३ मीटर ताडपत्री जवळपास १,३५० ग्रॅम भरते. पाठीवर वाहायला सोयीची ताडपत्री नायलॉन किंवा पॉलिएस्टरची असते आणि तिच्यावर पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचा लेप असतो. जाड सुती कॅनव्हास आता गाडीने जाणाऱ्यांपुरता उरला आहे.

ताडपत्री फाटून जाते त्यापेक्षा ओली गुंडाळल्यामुळे अधिक वेळा वाया जाते. सह्याद्रीतल्या पावसाळी मुक्कामाहून परतल्यावर सॅक कोपऱ्यात पडते आणि आठवड्याने उघडली की कुबट वास येतो. सुती कापडात बुरशी धाग्यालाच खाते. कृत्रिम धागा तिला दाद देत नाही, पण लेपावर आणि मळावर ती वाढते व काळे डाग सोडते. पॉलियुरेथेनचे दुखणे वेगळे : उबदार दमटपणात पाण्याशी संयोग होऊन त्याची रासायनिक साखळी तुटते, लेप चिकट होतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. असा लेप पुन्हा पूर्ववत होत नाही. सिलिकॉनला हा रोग नाही. मात्र त्याखालचे नायलॉन भिजले की सैलावते, म्हणून रात्री पावसात दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात.

चिखल ओला असताना घासू नये. वाळू द्यावा, मऊ ब्रशने झाडावा, मग साध्या पाण्यात सौम्य साबण घालून स्पंजने पुसावे. साबणाचा अंश राहिला तर कापड पाणी झटकण्याऐवजी धरू लागते, तेव्हा खळबळून दोनतीनदा धुवावे. धुलाईयंत्र, गरम पाणी, ब्लीच आणि इस्त्री वर्ज्य. वाळवणे सावलीत, वाऱ्यावर. अतिनील किरणांनी नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होते, आणि वर्षभर छपरावर पडलेल्या स्वस्त पॉलिथिनचा तर हाताने चुरा होतो. शिवणी व दोरीच्या पट्ट्यांचे टोक सर्वांत शेवटी सुकते. हात लावून पाहावा तो तिथे.

भोक पडल्यास कापड स्वच्छ व कोरडे करून गोल कोपऱ्यांचे ठिगळ लावावे. टोकदार कोपरा आधी सुटतो. डिंक लेपाप्रमाणे निवडावा, कारण सिलिकॉनला सिलिकॉनखेरीज फारसे काही धरत नाही. चुलीच्या ठिणग्यांनी पडलेली सुईएवढी भोकेही याच रीतीने बुजतात.

दरवेळी त्याच घडीवर दुमडल्यास तिथला लेप तडकतो. सैल कोंबलेली किंवा गुंडाळलेली ताडपत्री बरी. कापडी पिशवीत ठेवून ती माळ्यावर टांगावी. फरसाणाचा वास लागलेली असेल, तर उंदीर ती शोधून काढतातच.