डोंगरचें अन्न

युरोपांतील आल्प्स पर्वतावर हिंवाळ्यांत बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळावयास जे असंख्य लोक जातात, ते केवळ खेळूनच परततात असें नाहीं. दमूनभागून आल्यावर तेथील पहाडी अन्न चवीनें खाणें हाहि त्या प्रवासाचा एक मान्य भाग होऊन बसला आहे. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतांत चीजचा गड्डा विस्तवापुढें धरून त्याचा वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यावर खरवडून घेतात. हें मूळचें गुराख्यांचें खाणें होय. वाइनमध्यें चीज वितळवून करतात तो 'फोंड्यू' नांवाचा पदार्थ झ्यूरिक येथील १६९९ सालच्या एका हस्तलिखितांत आढळतो. परंतु त्यास राष्ट्रीय पक्वान्नाची प्रतिष्ठा लाभली ती १९३० नंतरच्या दशकांत, आणि तीहि तेथील चीज-संघानें त्याचा पद्धतशीर पुरस्कार केला तेव्हां. सारांश, डोंगरच्या अन्नास मान आपोआप मिळत नाहीं. तो कोणीतरी द्यावा लागतो.

वऱ्हाडांत बर्फ पडत नाहीं. पण डोंगर आहे. अमरावतीच्या उत्तरेस गाविलगड व मेळघाट, आणि अकोल्याच्या उत्तरेस नरनाळा, अशी सातपुड्याची रांग पूर्णेच्या काळ्या मैदानावर पहारा देत उभी आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० फूट उंचीवर असून, अमरावती-अकोल्याचीं सुखवस्तु कुटुंबें तेथें हवा पालटण्यास जातात. परंतु तेथें तीं काय खातात हें पाहिलें असतां, घरीं जें खावयाचें तेंच, असें उत्तर द्यावें लागतें. खवा आणि रबडी सोडल्यास डोंगराची म्हणून कोणतीहि वस्तु बहुधा त्यांच्या पानांत पडत नाहीं. असें कां व्हावें, याचें कारण आमच्या मतें इतिहासांत आहे.

गाविलगड या नांवांतच गवळी आहे. किल्ला होण्यापूर्वीं या पठारावर गवळ्यांची वस्ती होती, अशी परंपरा सांगते. पुढें बहामनी सुलतान अहमदशाह यानें १४२५ च्या सुमारास एलिचपुरास मुक्काम ठेवून गाविलगड बांधविला व नरनाळ्याची डागडुजी करविली. १५९६ सालीं वऱ्हाड अकबराच्या राज्यास जोडलें गेलें, आणि कालांतरानें हे किल्ले नागपूरकर भोसल्यांकडे आले. राज्यें बदललीं, परंतु एक गोष्ट बदलली नाहीं. पाण्यासाठीं गडावर तलाव खोदतां येत होते. धान्य मात्र खालच्या मैदानांतूनच चढवावें लागत असलें पाहिजे. १८०३ च्या डिसेंबरांत आर्थर वेलस्ली गाविलगडावर चालून गेला, तेव्हां त्याच्या सैन्याची मदार वंजाऱ्यांच्या बैलांवरून येणाऱ्या धान्यावर होती. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन यानें डोंगरांतून वाट पाडून तोफा उत्तरेच्या बाजूस नेल्या. १५ डिसेंबरास गड पडला, आणि दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. पुढें १८२३ सालीं हैदराबादच्या पलटणींतील कॅप्टन रॉबिन्सन यास चिखलदऱ्याची हवा मानवली, आणि गोऱ्या साहेबांचें आरोग्यस्थान तेथें वसूं लागलें. त्यांच्या अमदानींत तेथें कॉफीहि लागली, व ती अद्याप होते. सुलतान, सरदार, साहेब किंवा आजचा प्रवासी, जो जो हा डोंगर चढला, तो तो आपली शिदोरी खालून घेऊनच चढला.

परंतु डोंगर कांहीं उपाशी नव्हता. मेळघाटांत मुख्यतः कोरकू लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेंत 'कोरो' म्हणजे मनुष्य, आणि 'कोरकू' हें त्याचें अनेकवचन. त्यांची भाषा ना मराठीची बहीण ना गोंडीची; तिचें नातें दूर झारखंडांतील मुंडारी व संताळी या भाषांशीं जुळतें. या लोकांचें जुनें धान्य कुटकी. मोहरीहून फारसा मोठा नाहीं असा हा दाणा उतारावरच्या उथळ, मुरमाड जमिनींत थोड्या दिवसांत पिकतो, पाऊस कमी पडला तरी सहसा दगा देत नाहीं, आणि टरफलासह ठेवला तर वर्षानुवर्षें टिकतो. तो कांडून त्याचा भात किंवा पेज करतात. जोडीला ज्वारी-मक्याची भाकरी, रानभाज्या, आणि पावसाळ्यांत बांबूचे कोवळे कोंब. आजचें आहारशास्त्र या धान्यांतील तंतू व खनिजें यांची वाखाणणी करतें; कोरकू गृहिणी त्याची परीक्षा उखळापाशीं पूर्वींच करून चुकली होती.

दुसरा आधार मोहाचा. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें रात्रीं फुलून पहांटे गळतात, आणि बायकामुलें उजाडण्यापूर्वींच टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. वाळविलेलीं फुलें मनुकांसारखीं गोड लागतात. तीं भाजून, उकडून किंवा पिठांत मिसळून खातात. बियांचें तेल स्वयंपाकास चालतें. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळासारख्या सालीं रानांतील लोकांस मोह आणि कंदमुळें यांचाच आसरा असे. तथापि सरकारच्या दृष्टीस या फुलांत भाकरी दिसली नाहीं, दिसली ती दारू. शेजारच्या मुंबई इलाख्यांत तर १८९२ सालीं मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदाच झाला.

तिसरें अन्न गवळ्यांचें. पठारावरील थंड हवेंत व मुबलक चाऱ्यावर पोसलेल्या म्हशींचें दूध दूरच्या बाजारीं टिकत नाहीं, म्हणून तें आटवून खवा करणें क्रमप्राप्तच होतें. आल्प्समधील गुराखी दुधाचें चीज करतो आणि मेळघाटांतील गवळी खवा करतो, त्या दोहोंच्या मागें एकच अडचण व एकच शहाणपण आहे. मैदानांतील पाहुण्यानें स्वीकारलेला डोंगरचा एकमेव पदार्थ हाच. कारण गोड खवा आमच्या सणावारांत पूर्वींच बसला होता. कुटकीस मात्र गरिबाचें धान्य हें नांव चिकटलें तें कायमचें.

आणि हें नांव केवळ जिभेपुरतें राहिलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जंगल राखीव झालें आणि फिरत्या शेतीस बंदी आली. १९७३ सालीं सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतें. त्यापायीं पुढें कांहीं गांवें उठलीं. उतारावर सोयाबीन आला, स्वस्त धान्याच्या दुकानांतून गहू-तांदूळ आला. त्या धान्यानें पोटें भरलीं हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु कुटकी मागें पडली तीहि त्याच वाटेनें. १९९३ च्या पावसाळ्यांत मेळघाटांतील बालमृत्यूंची वार्ता देशभर गेली, तेव्हां सुशिक्षित वऱ्हाडास आपल्याच उशाशीं असलेल्या भुकेचा पत्ता लागला. ही भूक एका धान्याच्या लोपानें आली असें आम्ही म्हणत नाहीं. दारिद्र्य, आजार, औषधोपचारांचा अभाव व दुर्गमता हीं कारणें उघड आहेत. परंतु ज्याच्या अन्नास आपण हलकें मानतों, त्याच्या उपासाचीहि आपणांस लवकर जाणीव होत नाहीं, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

अलीकडे वारा फिरला आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, आणि शहरांतील दुकानांत कुटकी चकचकीत पाकिटांत बसली. यांत एक धोका आहे. मान धान्यास मिळेल आणि दाम दुसऱ्याच्याच पदरीं पडेल. स्विस गुराख्याच्या खाण्याची कीर्ति झाली तेव्हां कुरणें आणि गाई त्याच्याच हातीं होत्या; कोरकूच्या हातीं जंगल नव्हतें. वनांतील गौण उपजावर त्याचा हक्क कायद्यानें मान्य झाला तो २००६ सालीं. तो हक्क कागदावरून टोपलींत उतरला, तरच डोंगरच्या अन्नाचें कौतुक सार्थ होईल.

पाहुण्यांकडे एवढेंच मागणें आहे. चिखलदऱ्यास गेल्यावर कॉफीच्या पेल्याबरोबर कुटकीचा भातहि मागावा, तो पिकविणाऱ्याच्याच हातून घ्यावा, आणि मोलांत घासाघीस करूं नये. गेलीं सहाशें वर्षें आपण या डोंगरावर आपली शिदोरी घेऊन गेलों. आतां एकवार रिकाम्या हातानें जाऊन त्याच्या पंक्तीस बसावें.