खुर्ची नसलेला प्रतिनिधी

१ फेब्रुवारी १९१९ रोजी कोरियाचे किम क्यू-सिक शांघायहून बोटीने पॅरिसच्या शांतता परिषदेला निघाले, ते चिनी पासपोर्टावर आणि चिनी नावाने. कोरियाचा पासपोर्ट असणार कुठून? १९१० साली जपानने तो देशच गिळला होता. व्हर्सायचा तह मी अनेक वर्षे वर्गात शिकवत आलो. जर्मनीवरची युद्धखंडणी आणि राष्ट्रसंघ सांगून झाला की मी मुद्दाम किम यांच्याकडे वळतो. त्या परिषदेत कोणाला खुर्ची मिळाली नाही, हे कळल्याशिवाय ती परिषद कळत नाही.

किम यांचा जन्म १८८१ चा. लहानपणीच पोरके झालेल्या या मुलाला सोलमधल्या अंडरवुड या अमेरिकन मिशनऱ्याने वाढवले. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रोअनोक कॉलेजातून ते १९०३ साली पदवीधर झाले. इंग्रजीवर हुकमत आणि पाश्चात्त्यांच्या रीतीभातींची जाण, म्हणून शांघायच्या तरुण कोरियन देशभक्तांनी त्यांनाच निवडले.

पण नुसत्या इंग्रजीने काय होणार होते? १९०७ साली सम्राट कोजोंग यांनी हेगच्या परिषदेला तीन दूत पाठवले होते. त्यांना आत घेतलेच नाही. त्यांच्यातले यी जुन हेगमध्येच वारले आणि जपानने सम्राटाला गादी सोडायला लावली. हा अनुभव ताजा होता. म्हणून निघण्यापूर्वी किम यांनी सहकाऱ्यांना बजावले, की आपल्या एकट्याच्या बोलण्याला वजन येणार नाही. मायदेशात लोक उठले तरच जग ऐकेल. त्याप्रमाणे माणसे कोरिया, जपान आणि मांचुरियाकडे रवाना झाली. नुकतेच लग्न झालेल्या त्यांच्या पत्नी किम सुन-ए कोरियात गेल्या.

किम समुद्रावर असतानाच १ मार्चला सोलच्या पॅगोडा उद्यानात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि देशभर मोर्चे निघाले. १३ मार्चला ते पॅरिसला पोहोचले, तेव्हा त्यांच्यामागे एक पेटलेला देश उभा होता. ११ एप्रिलला शांघायमध्ये हंगामी सरकार स्थापन झाले; त्याने किम यांना परराष्ट्रमंत्री नेमले. र्यू द शातोदाँ, घर क्रमांक ३८ इथे त्यांनी माहिती कार्यालय थाटले. दडपशाहीच्या बातम्या पत्रकांतून वृत्तपत्रांकडे जाऊ लागल्या. विलीनीकरणाचा तह रद्द करा, असे निवेदन मे महिन्यात परिषदेला दिले गेले. पण जपान विजेत्यांपैकी एक होता. निवेदन पटलावर आलेच नाही, आणि २८ जूनला तहावर सह्या झाल्या.

त्याच परिषदेत हिंदुस्थानला खुर्ची होती. तिथे बसले होते बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिन्हा. दिल्ली काँग्रेसने नाव सुचवलेल्या लोकमान्य टिळकांना इंग्रज सरकारने पॅरिसला जाऊ दिले नाही. त्यांना लंडनहूनच परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहावे लागले. आपल्याला खुर्ची होती, पण तिच्यावर लोकांचा माणूस नव्हता. कोरियाचा माणूस लोकांचा होता, त्याला खुर्ची नव्हती. मुलांना हे सांगितले की साम्राज्यशाही म्हणजे काय, ते निराळे समजवावे लागत नाही.

किम थांबले नाहीत. त्याच वर्षी ते वॉशिंग्टनला गेले. १९२२ साली मॉस्कोत अतिपूर्वेकडील कष्टकऱ्यांच्या परिषदेत कोरियाची बाजू मांडली. जुलै १९४३ मध्ये चुंगकिंगला ते हंगामी सरकारचे प्रमुख किम कू यांच्यासह चीनचे नेते चँग कै-शेक यांना भेटले आणि कोरियाच्या स्वातंत्र्याला पाठिंबा मागितला. वर्षअखेर कैरो जाहीरनाम्यात, योग्य वेळी कोरिया स्वतंत्र होईल, असे वचन उमटले.

स्वातंत्र्य आले ते फाळणी घेऊन. फूट टाळण्यासाठी ते एप्रिल १९४८ मध्ये प्याँगयांगलाही जाऊन आले. १९५० च्या युद्धात त्यांना उत्तरेत नेण्यात आले. डिसेंबरमध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

आज दक्षिण कोरियाच्या राज्यघटनेची प्रस्तावना आपला वारसा १ मार्चच्या चळवळीशी आणि शांघायच्या हंगामी सरकारशी जोडते. पॅरिसने ज्यांना अर्जदारही मानले नाही, त्यांच्याच लढ्यावर एक राष्ट्र आपला अधिकार सांगते. किम यांची वकिली वाया गेली, असे म्हणायला म्हणूनच मी तयार नाही. प्रतिनिधीला अधिकार देतात ते त्याचे लोक, हे त्यांनी बोटीत बसण्याआधीच ओळखले होते.