सोळा आण्यांची माती

गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतभावाने मला मोबाइलवर मातीचा नकाशा दाखवला. त्याच्या चार एकरांवर एकच रंग होता: खोल काळी जमीन. त्या भरवशावर त्याने सगळीकडे ऊस लावला आणि बांधाकडचा निम्मा ऊस एप्रिलातच वाळला. तिथे हातभर खणले की मुरूम लागतो. "मग नकाशा खोटा का रे, दादा?" या त्याच्या प्रश्नाने मला जुन्या दप्तरांकडे वळवले.

योगायोग असा की मातीच्या प्रतवारीची एक पद्धत याच तालुक्यात घडली. १८३०च्या सुमारास प्रिंगलने उत्पन्न-खर्चाचा बारीक हिशेब मांडून बसवलेला सारा इतका जड झाला, की रयतेने जमिनी सोडल्या. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले. क्लासर शेताची आकृती काढून तिचे सारखे भाग पाडी, प्रत्येक भागात माती किती हात खोल ते पाही आणि चुनखड, वाळसर, उपळवट, उतार असे दोष नोंदवी. पावणेदोन हात खोल, बारीक पोताच्या निर्दोष काळ्या जमिनीला सोळा आणे. नववी प्रत दोन आण्यांवर येई. हेतू साऱ्याचा होता, पण एकाच शेतात माती बदलते हे त्या कागदाला ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न देशाचा झाला. १९७६ साली स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने १९८६ पासून राज्यांचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे केले. तिथे कागदावरच्या एका चौरस सेंटिमीटरात ६२५ हेक्टर मावतात. एफएओ-युनेस्कोच्या १:५०,००,००० प्रमाणाच्या जागतिक नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर. नेदरलँड्समधल्या इस्रिक संस्थेचे 'सॉइलग्रिड्स' २५० मीटरच्या चौकटींत संगणकाने अंदाज बांधते. अशी एक चौकट पंधरा एकरांहून मोठी असते. १:१०,००० प्रमाणावर मात्र एका चौरस सेंटिमीटरात एकच हेक्टर येतो.

लहान प्रमाणाच्या नकाशात एका रंगाखाली बहुधा दोन-तीन मातींचा गट असतो. डेटाबेसच्या तक्त्यात मुख्य मातीशेजारी सोबतीची उथळ मातीही नोंदलेली असते. पडद्यावर रंग मात्र मुख्य मातीचाच उमटतो. बोटांनी चित्र कितीही मोठे केले, तरी मूळ पाहणीत नसलेला तपशील त्यात येत नाही.

म्हणून भावाला मी सांगितले, "नकाशा खोटा नाही. तो जिल्ह्याच्या प्रश्नाचे उत्तर देत होता, तू त्याला बांधाचा प्रश्न विचारलास." यंदा लागवडीआधी त्याने शेताचे आठ भाग पाडले आणि प्रत्येकात खड्डा घेतला. वहीत खोली लिहिली ती हातांतच.