समजून घ्या : चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे काय आणि आपली शहरं तिच्याकडे कशी वळू शकतात?

शहरातला कचरा 'उचलला' जातो, म्हणजे नेमकं कुठे जातो? बहुतेक वेळा शहराच्या हद्दीवरच्या एखाद्या गावात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जात राहिला. दुर्गंधी, धूर आणि विहिरींचं खराब झालेलं पाणी तिथल्या गावकऱ्यांच्या वाट्याला आलं. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की पुण्यात कचरा साचायचा. या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्था.

चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे काय?

सध्याची पद्धत सरळ रेषेसारखी आहे. जमिनीतून कच्चा माल काढायचा, वस्तू बनवायची, वापरायची आणि फेकायची. चक्रीय अर्थव्यवस्थेत या रेषेची दोन टोकं जोडली जातात. वस्तू जास्त काळ टिकेल, दुरुस्त होईल आणि शेवटी तिच्यातून पुन्हा कच्चा माल मिळेल, अशी व्यवस्था केली जाते.

त्यामुळे चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे फक्त रीसायकलिंग नव्हे. रीसायकलिंग ही शेवटून दुसरी पायरी आहे. आधी वापर कमी करणं, मग तीच वस्तू पुन्हा वापरणं, मग दुरुस्ती, त्यानंतर रीसायकलिंग आणि काहीच उपाय उरला नाही तर डेपो, असा हा क्रम आहे.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, चपला शिवून देणारा कारागीर हे सगळे याच चक्राचे भाग आहेत. शहरांनी कचऱ्याचं नियोजन केलं तेव्हा मात्र या लोकांना बहुतेक वेळा त्यात जागा मिळाली नाही.

पुण्याने काय वेगळं केलं?

1993 मध्ये पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कचरा वेचणं हे काम आहे आणि त्यातून शहराचा पैसा वाचतो, ही तिची मूळ मांडणी होती. याच संघटनेतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था तयार झाली आणि 2008 मध्ये पुणे महापालिकेसोबत करार करून तिने घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. या कामात महिलांची संख्या मोठी आहे.

पद्धत साधी आहे. कचरावेचक घरोघरी जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घेतात. त्यासाठी प्रत्येक घर दरमहा शुल्क देतं. सुक्या कचऱ्यातला कागद, प्लास्टिक, काच, धातू वेगळा करून त्या भंगारवाल्याला विकतात आणि ते पैसे त्यांचेच असतात. यातला कळीचा मुद्दा म्हणजे, जितकी वर्गवारी चांगली तितकी कमाई जास्त. त्यामुळे विकता येण्याजोगा माल डेपोत जात नाही.

याउलट, कचरा वाहून नेणाऱ्या कंत्राटदाराला जेव्हा टनावर पैसे मिळतात, तेव्हा कचरा कमी होण्यात त्याचा फायदा नसतो. गाडी जितकी जड, तितकं बिल मोठं. म्हणूनच शहर कंत्राट कसं लिहितं, यावर त्याचा कचरा चक्रात जाणार की डेपोत, हे बरंचसं ठरतं.

छोट्या शहरांना हे जमेल का?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने ते करून दाखवलं आहे. तिथे घरापासूनच कचऱ्याची वर्गवारी सुरू झाली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, तर प्लास्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात वापरण्याचे प्रयोग झाले. जिथे कचऱ्याचा ढीग असायचा, ती जागा आता लोक बघायला जातात.

हे फक्त कचऱ्यापुरतंच आहे का?

नाही. पाण्याचंही चक्र असतं. नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडी इथे शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याची योजना आहे. तिची क्षमता दिवसाला 130 दशलक्ष लिटर इतकी आहे. प्रकल्पाला लागणारं तेवढं ताजं पाणी त्यामुळे पिण्यासाठी वाचतं.

मग अडचण कुठे आहे?

- मिसळलेला कचरा : 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच वर्गवारी करणं बंधनकारक केलं. पण भाजीच्या देठांत भिजलेल्या कागदाला भंगारात किंमत मिळत नाही. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र झाला, तर नागरिकही कंटाळतात.
- किंमत नसलेलं प्लास्टिक : चिप्सच्या पाकिटात वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं अवघड, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. असं वेष्टण बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरच त्याची जबाबदारी टाकणारी तरतूद कायद्यात आहे. तिची अंमलबजावणी हा खरा प्रश्न आहे.
- माणसांची सुरक्षितता : हे चक्र ज्यांच्या हातांवर चालतं, त्यांच्या रोजगाराची हमी कमकुवत आहे. 2020 च्या अखेरीस 'स्वच्छ'च्या कराराची मुदत संपली, तेव्हा पुण्यातही हे काम कुणाकडे राहणार याची अनिश्चितता होती. मोठी यंत्रं आणि मोठी कंत्राटं आली की सुका कचरा कुणाच्या मालकीचा, हा वाद उभा राहतो.

आपण काय करू शकतो?

1. ओला, सुका आणि सॅनिटरी कचरा वेगळा ठेवा. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. ते वेगळं करणारे हात माणसाचे असतात.
2. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून द्या. स्वच्छ प्लास्टिकला जास्त भाव मिळतो.
3. सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करा. ओला कचरा आवारातच जिरला की गाडीत जाणारं वजन बरंच कमी होतं.
4. नवीन मिक्सर घेण्याआधी जुना दुरुस्त होतो का, ते विचारा.
5. नगरसेवकाला 'गाडी रोज येते का' एवढंच विचारू नका. 'गाडी पुढे कुठे जाते आणि कंत्राटदाराला पैसे कशाचे मिळतात' हेही विचारा.

घरातली बादली रिकामी झाली म्हणून कचरा संपत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. ते दार कुणाचं, हे उरुळी आणि फुरसुंगीच्या लोकांना चांगलंच माहीत आहे.