गोव्याहून आग्र्यास गेलेला पक्षी

जुन्या गोव्याचा इतिहास लिहिणारे लेखक लिन्सखोटेन या डच प्रवाशाची साक्ष काढल्याशिवाय सहसा पुढे जात नाहीत. १५८३ ते १५८८ या काळात तो गोव्यास आर्चबिशपच्या पदरी होता, आणि तेथील 'रुआ दिरैत' या मुख्य रस्त्यावर रविवार व सणवार सोडून रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे त्याने मोठे चित्रमय वर्णन करून ठेवले आहे. अरबी घोडे, मसाले, जवाहीर, गालिचे आणि सांगण्यास लाज वाटावी असा माणसांचाही व्यापार त्या रस्त्यावर चाले. मांडवीच्या मुखाशी येणाऱ्या गलबतांतून लिस्बनचा, आफ्रिकेच्या किनाऱ्याचा, मलाक्केचा आणि दूर अमेरिका खंडाचाही माल येथे उतरत असे. आम्ही आज ज्या पक्ष्याची हकीकत सांगणार आहो, तो याच वाटेने हिंदुस्थानात आला. पुढे आग्र्याच्या दरबारात त्याचे जे चित्र निघाले, त्याने प्राणिचित्रणाच्या इतिहासात कायमचे स्थान मिळविले. ताजमहाल बांधणाऱ्या शहाजहानाचा बाप म्हणून जहांगीर आपल्याकडे ओळखला जातो, नूरजहानचा पती म्हणून तर अधिकच. परंतु निसर्गाचा निरीक्षक म्हणून त्याची योग्यता कोणती होती, हे आमच्या शालेय इतिहासांनी आम्हांस फारसे कधी सांगितले नाही.

खंबायत आणि सुरत या बंदरांचा कारभार त्या वेळी मुकर्रबखान नावाच्या सरदाराकडे होता. हा मूळचा शस्त्रवैद्य. नस उघडून रक्त काढण्यात त्याचा हात असा हलका, की बादशहाची त्याच्यावर विशेष मर्जी होती. जहांगिराने त्यास आज्ञा केली होती, की गोव्यास जाऊन तेथील फिरंग्यांजवळ ज्या दुर्मिळ वस्तू मिळतील त्या, ते मागतील ती किंमत देऊन, सरकारासाठी खरेदी कराव्या. खानाने पैशाकडे पाहिले नाही. १६१२ मध्ये तो दरबारी रुजू झाला, तेव्हा त्याने आणलेल्या नजराण्यांत काही विलक्षण प्राणी होते. त्यांपैकी एक माकडाच्या जातीचा होता, पण त्याचे तोंड कोल्ह्यासारखे होते. दुसरा होता तो पक्षी.

बादशहाने आपल्या आत्मवृत्तात या पक्ष्याचे वर्णन अत्यंत बारकाईने केले आहे. लांडोरीहून मोठा आणि मोराहून लहान. माजावर आला म्हणजे मोरासारखा पिसारा उभारून नाचतो. चोच आणि पाय कोंबड्यासारखे. पण खरे नवल त्याच्या डोक्याचे व मानेचे. घटकेत ती पोवळ्यासारखी लाल होतात, घटकेत कापसासारखी पांढरी, तर घटकेत पिरोज्याच्या रंगाची. चोचीवर मांसाचा एक तुरा असून तो खाली लोंबला म्हणजे हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर होतो, आणि आखडून घेतला म्हणजे गेंड्याच्या शिंगाप्रमाणे दोन बोटे उभा राहतो. रंग बदलण्याच्या या स्वभावामुळे बादशहाला सरड्याची आठवण झाली.

हा पक्षी म्हणजे टर्की, हे वाचकांनी ओळखलेच असेल. त्याच्या नावाची गंमत येथे सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. मूळचा हा मेक्सिकोकडचा. परंतु ज्याने त्याने तो परक्या मुलखाच्या माथी मारला आहे. इंग्रजांस तो तुर्कस्तानचा वाटला; तुर्कांनी त्याचे नाव 'हिंदी' ठेवले; फ्रेंचांनीही त्याचे नाते हिंदुस्थानाशीच जोडले; पोर्तुगीज त्यास 'पेरू' म्हणतात, आणि मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तो शब्द ऐकताच भलतीच वस्तू उभी राहते! इराणी भाषेने मात्र देशाच्या भानगडीत न पडता त्याच्या रंग पालटण्यावरून नाव दिले, आणि ते जहांगिराच्या निरीक्षणाशी नेमके जुळते.

वर्णन लिहून बादशहा थांबला असता, तर ही हकीकत एखाद्या प्रवासवृत्तातील नोंदीइतकीच राहिली असती. पण त्याने पुढे आपल्या पणज्याचा दाखला दिला आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील अनेक प्राण्यांची रूपे लिहिली, परंतु ती रेखाटण्याची आज्ञा चित्रकारांस दिली नाही. आपण वर्णनही लिहितो आणि चित्रेही काढवितो, म्हणजे नुसते ऐकून जे आश्चर्य वाटते ते पाहून दुणावेल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. आमच्या मते या उद्गाराचे महत्त्व फार मोठे आहे. आपण पाहिले ते दुसऱ्यासही दिसावे, ही त्यामागची इच्छा आहे. ज्यांनी तो पक्षी पाहिला नाही, कधी पाहणारही नाहीत, त्यांच्याशी बादशहा येथे चित्राच्या द्वारे बोलू इच्छितो.

बाबराची ही उणीव खरे पाहता अकबराच्या कारकीर्दीतच भरून निघू लागली होती. अब्दुर्रहीम खानखानान याने १५८९ मध्ये बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत उतरविले, आणि त्याच्या सचित्र प्रतींत गेंडा, नीलगाय, मोर, पोपट यांस जागा मिळाली. त्या प्रतींवर काम करणाऱ्या मंडळींत मन्सूर नावाचा एक तरुण होता. तो स्वतःस 'नक्काश' म्हणवीत असे, म्हणजे वेलबुट्टीची कलाकुसर करणारा. अनेक हातांनी मिळून एक चित्र पुरे करण्याची तेथे रीत होती. एकाने रेखाटन करावे, दुसऱ्याने रंग भरावे, चेहरे तिसऱ्याने करावे. अशा कारखान्यात मन्सूरचा हात घडला. अकबराच्या काळी त्याचे नाव दुय्यम चित्रकारांत येते. जहांगिराच्या काळी मात्र तो 'नादिर-उल्-अस्र', म्हणजे युगातील अद्वितीय, या किताबापर्यंत पोहोचला. धनी बदलल्याने कारागिराचे भाग्य बदलते, याची उदाहरणे इतिहासात अनेक आहेत. पण येथे धन्याच्या डोळ्याने कारागिराचा डोळा अधिक तीक्ष्ण केला, असे आम्हांस वाटते.

टर्कीचे मन्सूरने काढलेले चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात पक्षी पिसारा फुलवून नाचत नाही, तर एका बाजूने, स्तब्ध उभा आहे. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी ठेविली आहे, त्यामुळे दृष्टीस दुसरीकडे जाण्यास वावच राहत नाही. काळसर अंगावरील प्रत्येक पिसाची कड निरनिराळी दिसते. मानेची सुरकुतलेली कातडी, तिच्यावरील गाठी आणि लाल-निळा रंग हे सारे इतक्या संयमाने काढले आहे की कोठे अतिशयोक्तीचा भास होत नाही. असे काम करण्यास साधने कोणती, तर अनेक कागद चिकटवून केलेली व अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत केलेली वसली, खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली, आणि खनिजांपासून खलून काढलेले रंग. कातडीच्या पारदर्शक पडद्यावर रेषा उतरवून घेऊन पुन्हा नवे चित्र करण्याची युक्तीही या कारागिरांस अवगत होती, आणि टर्कीच्या चित्राच्या एकाहून अधिक प्रती आज आढळतात.

गोव्याशी बादशहाचा हा स्नेह मात्र फार टिकला नाही. दुसऱ्याच वर्षी, १६१३ मध्ये, पोर्तुगीजांनी सुरतेजवळ राजमातेचे 'रहीमी' हे जहाज पकडले. बादशहाने त्यांचा व्यापार बंद केला आणि दमणास वेढा पडला. गोव्याच्या बाजारात मोकळ्या हाताने खरेदी करणाऱ्या मुकर्रबखानावरच या प्रकरणाचा बंदोबस्त करण्याची पाळी आली. पक्षी आला तो अगदी वेळेवर आला, असेच म्हटले पाहिजे.

चित्राची ही हौस केवळ परदेशी नवलाईपुरती नव्हती, हे १६२० च्या काश्मीर प्रवासावरून दिसते. सुखनाग येथे वाहत्या प्रवाहात बुडी मारून बराच वेळ पाण्याखाली राहणारा आणि दुसऱ्याच ठिकाणी वर निघणारा एक लहान पक्षी बादशहाने पाहिला. त्याच्या बोटांत बदकासारखी कातडी आहे की ती जमिनीवरील पक्ष्यांप्रमाणे मोकळी आहेत, असा प्रश्न त्यास पडला. दोन पक्षी धरून आणविले. एक लगेच मेला, दुसरा एक दिवस जगला. बोटे मोकळीच निघाली. मग मन्सूरास त्याचे चित्र काढण्याची आज्ञा झाली. त्याच प्रवासात मन्सूरने काढलेल्या फुलांची संख्या शंभराहून अधिक झाली, असे बादशहानेच नमूद केले आहे.

त्याआधी १६१८ मध्ये, दरबार गुजरातेत असताना, पाळलेल्या सारसांच्या जोडीवर त्याने जी टिपणे केली, ती आजच्या पक्षिशास्त्रज्ञांसही आदरणीय वाटतात. या जोडीची नावे लैला आणि मजनू. रात्री मादी अंडी उबविते व नर शेजारी उभा राहून पहारा करतो. पहाट झाली की नर चोचीने तिची पाठ खाजवितो, ती उठते, आणि तो तिच्या जागी बसतो. हे लिहिणारा मनुष्य तासन् तास त्या घरट्याजवळ थांबला असला पाहिजे.

आणि हाच मनुष्य केवढा शिकारी! १६१७ च्या सुमारास त्याने आपल्या शिकारीचा हिशेब काढविला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ प्राणी मारले गेले, आणि त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारले. या दोन वृत्तींचा मेळ कसा घालावा? काही लेखक शिकारीची गोष्ट हळूच बाजूस सारतात, तर काही चित्रांस राजविलास म्हणून हसण्यावारी नेतात. आम्हांस दोन्ही रीती पसंत नाहीत. आकडा बिनचूक नोंदविण्याची आणि पिसांच्या कडा बिनचूक काढविण्याची सवय एकाच स्वभावातून आली आहे, आणि तो स्वभाव दयाळू होता असे म्हणण्यास पुरावा नाही. मात्र ज्या प्राण्याचे चित्र निघाले, तो काही काळ तरी बादशहाच्या लेखी शिकार न राहता व्यक्ती झाला.

इराणचा शहा अब्बास याने पाठविलेल्या ससाण्याची गोष्ट याची साक्ष देते. वाटेत, सांभाळणाऱ्याच्या गलथानपणामुळे, मांजराने त्यास ओरबाडले. तो दरबारात पोहोचला आणि आठवड्याभरात मेला. पंखांवरील व पाठीवरील त्याच्या काळ्या खुणांचे सौंदर्य बादशहास विसरवेना. त्याने मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून जपून ठेवविले.

पुढे उलट दिशेने एक प्राणी गेला. १६२१ च्या नवरोजास मीर जाफर याने तुर्कांच्या संगतीने हबश देशाहून आणविलेला झेब्रा दरबारात आला. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत, कानापासून खुरापर्यंत, जेथे जसा शोभेल तसा पट्टा. डोळ्यांभोवतीसुद्धा बारीक काळी रेघ. कोणी तरी रंगविला असावा, असा काहींना संशय आला. तपास झाला आणि रंगारी परमेश्वरच ठरला. (त्याच हबश देशातून आलेला मलिक अंबर त्या दिवसांत मराठे घोडेस्वारांसह दक्षिणेत मोगलांस जेरीस आणीत होता, त्याची चित्रेही जहांगिराने काढविली, पण त्यांत कौतुक नव्हते.) मन्सूरने झेब्र्याचे चित्र काढले, बादशहाने स्वतःच्या हाताने त्यावर नोंद लिहिली, आणि मग तो जिवंत झेब्रा आपला बंधू म्हणविणाऱ्या शहा अब्बासास भेट म्हणून पाठविला. दुसऱ्याच वर्षी, १६२२ मध्ये, त्या बंधूने कंदाहार घेतले. झेब्र्याचे चित्र तेवढे हिंदुस्थानात उरले.

ही चित्रे त्या काळी किती लोकांच्या दृष्टीस पडत असतील? भिंतीवर टांगण्याची ती वस्तू नव्हे. सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटीत बसवून, सुलेखनाच्या पानांसह त्यांचे 'मुरक्के', म्हणजे संग्रह, बांधले जात. बादशहा, शहाजादे, बेगमा, एखादा वकील, असे मोजके लोक मांडीवर घेऊन ती पाहत. ज्या आश्चर्याचा वाटा इतरांस मिळावा म्हणून ती निघाली, त्याची सीमा किल्ल्याच्या तटाशीच संपत होती. ती सीमा मोडली ती दुर्दैवाने. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. नंतर दुर्बल झालेल्या बादशहांच्या पोतडीतून मुरक्के बाहेर पडले आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती गेले. गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो याच्या घराण्यातील झेब्र्याचे चित्र १९२५ मध्ये लंडनच्या संग्रहालयात आले. टर्कीचे त्यापूर्वी, १९२१ मध्ये, तेथे पोहोचले होते. १९२७ च्या सुमारास सालिम अली यांनी मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर लेखमाला लिहिली, तेव्हा आमच्या शास्त्रज्ञांचे लक्ष या ठेव्याकडे वळले.

रशियात सेंट पीटर्सबर्ग येथील प्राच्यविद्या संस्थेत जे एक चित्र विसाव्या शतकाच्या मध्यास प्रसिद्धीस आले, त्याची कथा विलक्षण आहे. चित्रावर सही नाही, परंतु जाणकार ते मन्सूरचे मानतात. मध्यभागी मॉरिशस बेटावरचा डोडो, भोवती चार दुसरे पक्षी. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२८ ते १६३४ या आपल्या हिंदुस्थानातील मुक्कामात सुरतेस दोन डोडो पाहिल्याचे लिहिले आहे. तेव्हा हा पक्षी पश्चिम किनाऱ्यावर येत होता, याबद्दल शंका नको. १६६२ नंतर डोडो पाहिल्याचा भरवशाचा दाखला नाही. युरोपातील चित्रकारांनी पिंजऱ्यातील लठ्ठ किंवा पेंढा भरलेल्या डोडोवरून गुबगुबीत आकृत्या काढल्या. मोगल चित्रातील तपकिरी, अंगाने बेताचा पक्षी जिवंत नमुन्यावरून काढला असावा, म्हणून शास्त्रज्ञ त्यास फार मान देतात.

कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात मन्सूरने काढलेला सायबेरियन क्रौंच आहे. पल्लास या शास्त्रज्ञाने त्या पक्ष्यास शास्त्रीय नाव दिले १७७३ मध्ये. मन्सूरने त्याचे शुभ्र अंग आणि तांबडे तोंड त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे रेखाटले होते. भरतपूरच्या पाणथळीत हे क्रौंच हिवाळ्यात येत असत. त्यांची शेवटची जोडी तेथे २००२ मध्ये दिसली.