लॅटिनची पाठशाळा आणि इंग्रजीची शब्दमुळे

इ. स. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री या गृहस्थांनी लंडन येथे ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ नावाचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच सांगणारा हा पहिला कोश होय. त्यात सुमारे अडीच हजार शब्द आहेत. परंतु ‘घर’, ‘पाणी’, ‘आई’ यांसारखे शब्द त्यात शोधू गेल्यास सापडणार नाहीत. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, हिब्रू आदी भाषांतून आलेले ‘कठीण’ शब्दच तेवढे संग्राहकाने निवडले आहेत. ग्रंथ कोणासाठी, हेही मुखपृष्ठावर स्पष्ट केले आहे: स्त्रियांसाठी व ज्यांना विद्येचा लाभ झालेला नाही अशा इतर जनांसाठी. त्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उपलब्ध असून ती ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयात आहे.

इंग्रजाला इंग्रजी शब्द समजावून देण्याची वेळ का यावी, हा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. धातू आणि उपसर्ग यांच्या साहाय्याने इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याची जी पद्धती आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आज तयार पुस्तकांच्या रूपाने येते, तिचा उगम याच प्रश्नात आहे. ही पद्धती म्हणजे भाषेचे एखादे कालातीत सूत्र नव्हे. एका विशिष्ट शिक्षणव्यवस्थेतून ती निर्माण झाली, आणि तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा दोन्ही त्या व्यवस्थेकडे पाहिल्याशिवाय नीट कळत नाहीत.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा ओघ इंग्रजीत आला, हे सर्वश्रुत आहे. परंतु लॅटिनमधून थेट, आणि विद्वानांच्या लेखणीतून, जे शब्द आले त्यांचा मोठा भरणा सोळाव्या शतकातला. यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रजीने बहुतांशी लॅटिनचे धातू घेऊन स्वतः शब्द घडविले नाहीत. उपसर्ग-प्रत्ययांसह तयार झालेले शब्दच घेतले. म्हणजे यंत्र बाहेरून आले, पण त्याचे सांधे ज्याला उलगडून पाहता येतील तो कारागीर लॅटिन शाळेतच तयार होत असे.

मराठीची स्थिती वरवर पाहता अशीच दिसते. आपणही संस्कृतातून तयार शब्द उचलतो. तथापि फरक मोठा आहे. ‘दात’ आणि ‘दंत’, ‘हात’ आणि ‘हस्त’ यांचे नाते मराठी मुलाला कोणी सांगावे लागत नाही. इंग्रजीत ‘टूथ’ आणि ‘डेंटल’ हे शब्दही मूळ एकाच वंशाचे. पण ध्वनिबदलांनी ते इतके दुरावले आहेत की ते नाते भाषाशास्त्रज्ञालाच दिसते. ‘हँड’ आणि ‘मॅन्युअल’ यांत तर तेवढेही नाते नाही. रोजच्या वस्तूचे नाव एका कुळातले आणि त्याच वस्तूविषयीचे शास्त्रीय विशेषण दुसऱ्या कुळातले, ही इंग्रजीची खरी अडचण होय.

या आयातीला त्या काळीच विरोध झाला. शिंगाच्या दौतीवरून अशा शब्दांना ‘इंकहॉर्न’ शब्द असे हिणवीत. टॉमस विल्सनने १५५३ च्या आपल्या अलंकारशास्त्रावरील ग्रंथात लॅटिन शब्दांनी ठासून भरलेले एक विनंतीपत्र थट्टेसाठी दिले आहे. आजच्या वाचकाला मात्र त्या थट्टेतील निम्मी गंमत कळत नाही. कारण त्यात हास्यास्पद म्हणून योजलेले ‘सेलिब्रेट’, ‘एक्स्टॉल’, ‘डेक्स्टेरिटी’, ‘कपॅसिटी’ हे शब्द पुढे इंग्रजीत स्थिरावले; त्यांच्याच पंक्तीला बसलेला प्रचंड या अर्थाचा ‘इंजंट’ मात्र लोप पावला. कोणता शब्द तगेल हे त्याच्या व्युत्पत्तीवरून सांगता आले नसते, कारण व्युत्पत्ती दोहोंचीही सारखीच शुद्ध होती.

केंब्रिजमधील ग्रीकचे पहिले राजनियुक्त प्राध्यापक सर जॉन चीक यांनी दुसरी वाट दाखविली. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा अनुवाद करताना त्यांनी पुनरुत्थानासाठी ‘गेनरायझिंग’, रोमन शतनायकासाठी ‘हंड्रेडर’, वेडसरासाठी चंद्रावरून ‘मून्ड’ असे देशी शब्द घडविले. राल्फ लीव्हरने १५७३ मध्ये तर्कशास्त्राला ‘विटक्राफ्ट’ म्हटले, निष्कर्षाला ‘एंडसे’ आणि व्याख्येला ‘सेव्हॉट’. हे शब्द शेतकऱ्यालाही फोडून पाहता आले असते. परभाषेचे ऋण नको म्हणणारा चीक स्वतः ग्रीकचा अध्यापक असावा, यात विसंगती मानण्याचे कारण नाही; शब्दांचे सांधे कोठे आहेत हे ज्याला दिसत होते, त्यालाच ते इतरांना दिसत नाहीत याची जाणीव झाली. परंतु त्याचे शब्द चालले नाहीत. राजव्यवहारकोशापासून आजच्या परिभाषाकोशांपर्यंतचा आपल्याकडील खटाटोप ज्यांनी अभ्यासिला आहे, त्यांना या पराभवाची कारणे वेगळी सांगावयास नकोत.

यानंतर कठीण शब्दांच्या कोशांची परंपराच सुरू झाली. हेन्री कॉकरमचा कोश १६२३ मध्ये निघाला. टॉमस ब्लाउंटने १६५६ मध्ये ‘ग्लॉसोग्राफिया’त व्युत्पत्तीही देण्यास आरंभ केला, आणि नेथन बेली याने १७२१ मध्ये आपल्या कोशाच्या नावातच व्युत्पत्तीला स्थान दिले. तरीही ज्या मुलाने ग्रामर स्कूलमध्ये वर्षानुवर्षे लॅटिन घोकले होते त्याला मुळांच्या यादीची गरज नव्हती. मुली, कारागीर, दुकानदार यांना ती होती. लॅटिन हे केवळ एका भाषेचे ज्ञान नव्हते, तर स्वतःच्याच भाषेतील वरच्या मजल्याचा तो जिना होता.

एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक शिक्षणाचा विस्तार होऊ लागला, तेव्हा हा जिना नसलेल्यांसाठी शिडीची तरतूद करणे भाग पडले. रिचर्ड ट्रेंच यांची शब्दाभ्यासावरील व्याख्याने १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती विंचेस्टर येथील शिक्षक-प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेली होती, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दरम्यान ‘मूळ’ या कल्पनेलाच नवे बळ मिळाले होते, आणि ते भारतातून. सर विल्यम जोन्स यांचे १७८६ मधील कलकत्त्याचे भाषण, विल्किन्सचा १८१५ चा संस्कृत धातुसंग्रह आणि बॉपचा १८१६ चा क्रियापदविषयक प्रबंध यांमुळे शब्दाची धातूपर्यंत फोड करण्याची भारतीय वैयाकरणांची रीत युरोपास परिचित झाली. स्कीट यांच्या १८७९ ते १८८२ या काळात पूर्ण झालेल्या व्युत्पत्तिकोशाच्या परिशिष्टांत उपसर्ग, प्रत्यय आणि आर्यकुलातील धातू यांच्या याद्या आहेत. पुढील काळातील शालेय पुस्तके याच साच्याची आहेत. १९२० पर्यंत केंब्रिज व ऑक्सफर्ड यांनी प्रवेशासाठी ग्रीकची सक्ती सोडली, १९६० च्या सुमारास लॅटिनचीही. जिना गेला, शिडी राहिली.

या शिडीचे सर्वांत आटोपशीर रूप अमेरिकेत सिद्ध झाले. मिनेसोटा विद्यापीठातील जेम्स ब्राउन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस १४ शब्दांचा एक संच मांडला. ‘प्रीसेप्ट’, ‘डिटेन’, ‘ऑफर’, ‘आस्पेक्ट’, ‘रीप्रॉडक्शन’ हे त्यांपैकी काही. या १४ शब्दांत २० उपसर्ग व १४ मुळे सामावलेली असून, नेहमीच्या आकाराच्या कोशातील १४ हजारांहून अधिक शब्दांत त्यांपैकी काही ना काही आढळते, असा त्यांचा हिशेब होता. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ निघाले. आपल्याकडील स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांना ते सुपरिचित आहे.

ब्राउन यांचा संच चतुराईने निवडलेला आहे यात शंका नाही. पण घटक आढळणे आणि शब्द समजणे यांत अंतर आहे. ‘ऑफर’मधील ‘फेर’ म्हणजे वाहणे, धारण करणे. आपल्या ‘भृ’ धातूचेच ते भावंड. ‘रेफर’, ‘कॉन्फर’, ‘इन्फर’, ‘डिफर’, ‘सफर’ या सर्वांत ते आहे. आता ‘खाली’ या अर्थाचे ‘सब्’ आणि ‘वाहणे’ एवढ्यावरून ‘सफर’ म्हणजे सोसणे हा अर्थ कोणी काढील काय? अर्थ ठाऊक असेल, तर भाराखाली उभ्या असलेल्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे येते आणि शब्द पक्का लक्षात राहतो. ठाऊक नसेल, तर ‘ओझे खालून वाहणारा’ असा एखादा हमाल तेवढा मनात उभा राहतो. मुळांचे साहाय्य स्मरणाला होते. अनुमानाला ते फारच बेताने होते. लॅटिन शाळेतील मुलगा याद्या पाठ करूनच थांबत नसे, तो सिसेरो व व्हर्जिल वाचीत असे. ‘फेर’चे दहा उपयोग त्याने वाक्यांत पाहिलेले असत. शिडी करताना नेमका हा वाचनाचा भाग गळून पडला.

दुसरी अडचण सांध्यांची. ‘ऑफर’मध्ये मूळ उपसर्ग ‘ऑब्’ आहे, ‘आस्पेक्ट’मध्ये ‘अ‍ॅड्’, ‘सफिशंट’मध्ये ‘सब्’. पुढील व्यंजनाने त्यांना गिळले आहे. एकटा ‘अ‍ॅड्’ ‘अफर्म’, ‘अनाउन्स’, ‘असिस्ट’, ‘अराइव्ह’ अशी कितीतरी सोंगे घेतो. शेवटच्या शब्दात तर किनाऱ्याला लागणे हा मूळ अर्थ दडला आहे. इंग्रज विद्यार्थ्याला हे सारे अनियमित वाटते. ज्याने ‘उत्’चे ‘उज्ज्वल’, ‘उल्लास’, ‘उन्नती’ यांतील रूप संधिनियमांसह शिकले आहे, त्याला मात्र तीच क्रिया ओळखीची वाटावी. याउलट फसवी साम्येही आहेत. ‘पेडेस्ट्रियन’मधील ‘पेड’ म्हणजे पाय, ‘पेडॅगॉग’मधील म्हणजे मूल, आणि ‘पेडिग्री’ हा तर वंशावळीतील रेषांच्या आकारावरून आलेला, करकोच्याच्या पायाचा फ्रेंच शब्द.

आपल्या विद्यार्थ्यापाशी या बाबतीत जी शिदोरी आहे तिचा उपयोग इंग्रजीच्या वर्गात फारसा होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ‘इंटर’ हे ‘अन्तर्’, ‘प्रो’ हे ‘प्र’, ‘सुपर’ हे ‘उपरि’, ‘स्टा’ हे ‘स्था’, नकारार्थी ‘अन्’ हे आपलेच ‘अन्’. पण याहून मोलाची शिदोरी म्हणजे उपसर्गाने अर्थ किती दूर जातो याचा अनुभव. ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द झाले. त्यांचे अर्थ मराठी माणूस धातूवरून काढीत नाही, तो ते ऐकत आलेला असतो. डेव्हिड कॉर्सन यांनी १९८५ मध्ये ‘द लेक्सिकल बार’ या ग्रंथात ग्रीक-लॅटिन शब्द श्रमिक वर्गातील मुलांच्या शिक्षणात अडसर कसे ठरतात याची चर्चा केली. तो अडसर मूलतः अशा ऐकण्याच्या संधीचा आहे.

आणि हा वादही नवा नाही. यास्काच्या निरुक्तात सर्व नामे धातुजन्य आहेत असे शाकटायनाचे मत दिले असून, सर्वच तशी नाहीत असे गार्ग्याचे म्हणणे आहे. वाट व्यापतो म्हणून घोडा ‘अश्व’, असे असेल तर वाट चालणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये, असा त्या पक्षाचा आक्षेप आहे. यास्काने त्याचे उत्तर व्यवहारातून दिले: तेच कर्म अनेक जण करतात, पण त्यावरून नाव काहींनाच मिळते. लाकूड तासणारा प्रत्येक जण काही ‘तक्षा’ म्हणजे सुतार होत नाही. ‘प्रेसिडेंट’ या शब्दात ‘पुढे’ आणि ‘बसणे’ एवढेच घटक आहेत, आणि त्यातील ‘सेड्’ हा आपल्या ‘परिषद’ व ‘उपनिषद’ यांतील ‘सद्’च होय, पण म्हणून वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्याला कोणी प्रेसिडेंट म्हणत नाही.