सागाची दोन नावे

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या उत्तर तीरावरचा मराठी माणूस ज्या वृक्षाला साग म्हणतो, त्यालाच पलीकडे आदिलाबादच्या मुलखातला तेलुगू माणूस टेकु म्हणतो. टिपेश्वरच्या अरण्यात सागाचे कोवळे पान तळहातावर चोळावे, हात रक्तासारखा तांबडा व्हावा आणि मनात यावे की, एकाच वृक्षाची ही दोन नावे दोन निरनिराळ्या वाटांनी समुद्रापार गेली.

साग हा संस्कृत ‘शाक’ शब्दाचा प्राकृत वंशज. शाक म्हणजे भाजी हा अर्थ आज अधिक परिचित असला, तरी पुराणांतल्या शाकद्वीपाला नाव मिळाले ते या नावाच्या महावृक्षावरूनच. पश्चिम किनाऱ्यावरून गलबतांसाठी हे लाकूड नेणाऱ्या अरबांनी, त्यांच्या लिपीत ‘ग’ नसल्यामुळे, त्याचे ‘साज’ केले. दुसरे नाव द्राविड कुळातले. मलबारातल्या ‘तेक्क’चे पोर्तुगीजांनी ‘तेका’ केले, इंग्रजांनी ‘टीक’. आणि 1782 साली धाकट्या लिनीअसच्या ग्रंथात हा वृक्ष ‘टेक्टोना ग्रँडिस’ म्हणून दाखल झाला, तेव्हा त्या नावात ग्रीक भाषेतल्या सुतारवाचक शब्दाचाही ध्वनी उमटला.

नावांची अशी रूपांतरे या जिल्ह्याला नवी नाहीत. यवतमाळातला ‘माळ’ हा माळरानाचा नव्हे. जुन्या गॅझेटियरच्या मते तो परगण्याच्या ‘महाल’चा अपभ्रंश आहे, आणि ‘आइने अकबरी’त हेच ठाणे ‘योत-लोहारा’ म्हणून नोंदलेले आहे. स्वतः जिल्हाही 1905 पर्यंत सरकारी दप्तरात ‘वणी’ या नावानेच ओळखला जात असे.

वनखात्याच्या रोपवाटिकेत सागाची जी जडी करतात, ती या संदर्भात पाहण्याजोगी आहे. वर्षभराचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप उपटून त्याचा शेंडा बोटभर ठेवून छाटतात, तंतुमुळे काढून टाकतात आणि सोटमूळ तेवढे वीतभर राखतात. पाने नाहीत, फांदी नाही, असा तो बोडका तुकडा पाऊस लागल्यावर पहारीने पाडलेल्या भोकात उभा करून भोवतीची माती घट्ट आवळली की, थोड्याच दिवसांत त्याला कोंब फुटतो. ‘शाक’ आणि ‘तेक्क’ परमुलखांत गेले तेही असेच दोन्ही टोकांनी छाटले जाऊन, सोटमूळ तेवढे राखून.